विजेला मीटर, कचऱ्याला नाही

विजेचं बिल आलं की आमच्या घरात ते दोन दिवस टीपॉयवर पडून असतं. येणारा-जाणारा उचलून बघतो. मागच्या महिन्यापेक्षा किती वाढलं, का वाढलं, गिझर कुणी चालू ठेवला होता, यावर चहाबरोबर छोटासा खटला चालतो. आरोपी बहुधा धाकटा असतो आणि बहुधा निर्दोष सुटतो. कचऱ्याच्या पिशवीवरून असा खटला झालेला मी आयुष्यात ऐकला नाही. सकाळी घंटागाडी आली, पिशवी गेली, दार लागलं. काल किती गेला, आज किती, परवा एवढा का साचला, घरात कुणालाच पत्ता नसतो.

तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढल्यामुळे असेल, पण हे मला खुपतं. ज्याची नोंद नाही त्याचा हिशेब लागत नाही, आणि हिशेब लागत नाही तिथं काटकसरीच्या गप्पा नुसत्या हवेत राहतात. ‘वीज वाचवा’, ‘कचरा वेगळा करा’ अशा पाट्या कोल्हापुरात कमी आहेत असं कुणी म्हणणार नाही. भिंती रंगवून झाल्या, शाळांतून शपथा झाल्या, प्रभातफेऱ्या झाल्या. माझं म्हणणं असं की आता उपदेश थोडा थांबवावा आणि कचऱ्याला मीटर बसवावा. तोही घरटी नको. गल्लीला एक पुरे.

आधी आमच्या बंबाबद्दल सांगते, कारण वीज आणि कचरा हे दोन वेगळे विषय आहेत हे मला त्या बंबामुळे कधी पटलंच नाही.

मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात मोरीच्या तोंडाशी तांब्याचा बंब होता. सासूबाई पहाटे पाचला तो पेटवायच्या. खाली जाळीत ढलप्या, त्यावर शेणीचा तुकडा, मग करवंट्या, आणि हंगामात गुऱ्हाळावरून पोत्यानं आणलेली वाळकी चिपाडं. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना सांगायला नको, उसाचा रस काहिलीत आणि त्याच उसाची चिपाडं खाली चुलवाणात. बाहेरून जळण लागतच नाही. आमचा बंब त्याच हिशेबानं चालायचा. सहा माणसांच्या अंघोळी त्यावर व्हायच्या आणि राख भांडी घासायला. भाजीची देठं, वाटाण्याची फोलं, तांदळाचं धुवण एका बादलीत जमायचं, ते गल्लीच्या टोकाला गवळ्याच्या गोठ्यात. त्याच गोठ्यातली शेणी परत आमच्या बंबात. रद्दी रद्दीवाल्याला, जुन्या साड्या बोहारणीला. घराबाहेर टाकायला उरायचा तो केर. त्यात धूळ, केस, फुटक्या कपाचा तुकडा, एवढंच.

हे लिहिताना सूर हळवा व्हायला लागला की मी त्या मोरीतला धूर आठवते. सासूबाईंचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. पावसाळ्यात ढलप्या ओल्या असल्या की फुंकून फुंकून डोळे लाल व्हायचे आणि घरातले पुरुष ‘पाणी तापलं काय?’ एवढंच विचारायला उठायचे. तेव्हा ‘जुनं ते सोनं’ मला म्हणायचं नाही. आणखी एक गोष्ट आहे, ती कबूल करते. घरात दुधाच्या, तेलाच्या, बिस्किटांच्या पिशव्या यायला लागल्या तशा त्या बंबात जायला लागल्या. मी स्वतः घातल्यात. पेट चांगला घेतात. पेटती पिशवी वितळून जाळीतून निळसर थेंब टप् टप् खाली गळायचे आणि प्रत्येक थेंब पडताना ‘झुप्’ असा आवाज यायचा. तुटक्या चपला, सायकलची ट्यूब, जुन्या वायरी, सगळं त्यातच. वायरीच्या आवरणात, चपलेच्या तळव्यात पीव्हीसी असतं, त्यात क्लोरीन असतो, आणि ते असं अर्धवट जाळलं की डायऑक्सिनसारखी विषं तयार होतात, हे पुष्कळ उशिरा वाचनात आलं. तोवर त्या धुरात आमची दोन पोरं वाढली होती.

सासूबाई काही बेफिकीर नव्हत्या. उलट त्यांच्याइतकी काटकसरी बाई मी पाहिली नाही. ‘काही वाया घालवायचं नाही’ ही त्यांची सवय पक्की होती. सवय तीच राहिली आणि घरात येणारी वस्तू बदलली. म्हशीला आणि जाळाला चालणाऱ्या वस्तूंसाठी बनलेली ती सवय प्लॅस्टिकला लागली आणि गुणाचा दोष झाला. म्हणून चांगल्या सवयी, चांगले संस्कार यांच्यावर मी फार भरवसा ठेवत नाही. संस्काराला आकडा दिसत नाही.

आकडा दिसला नाही की माणूस कसा चुकीच्या जागी वाचवत बसतो, त्याचा एक नमुना देते. आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. आमच्याकडे ‘दिवा बंद करा’ हा गजर दिवसातून दहा वेळा होतो, आणि त्यात माझाच आवाज सगळ्यांत मोठा असतो. एकदा कागद घेऊन बसले. ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज सहा तास जाळला तर महिन्याला १.६ युनिट. आता अंघोळीचं पाणी. २० लिटरची बादली, नळाचं पाणी २२ अंशांवरून ४२ वर न्यायचं, तर साधारण अर्धा युनिट लागतो. एक बादली, अर्धा युनिट. तेवढ्यात तो बल्ब पन्नास तासांहून जास्त जळतो. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोजचे २ आणि महिन्याचे ६० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त, पुढे ३०० पर्यंत दर एकदम उडी मारतो. म्हणजे घर स्वस्त टप्प्यात राहायचं की महाग टप्प्यात जायचं हे ठरतं न्हाणीघरात, आणि आम्ही मात्र दिवाणखान्यातल्या बल्बवरून भांडतोय!

पंख्याचंही तेच. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसीचा, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिटांचा फरक पडतो. हे कळल्यावर आम्ही बल्बवरून भांडणं सोडली आणि दोन पंखे बदलले. अंघोळीच्या पाण्यासाठी गच्चीवर सौर हीटर बसवला. आता कोल्हापूरचा जुलै कसा असतो ते मी कोल्हापूरकरांना काय सांगू. पावसाच्या त्या दोन महिन्यांत हीटर शोभेला असतो आणि गिझरशिवाय गती नाही. पण दहा महिने तर निभतात.

हे सगळं शक्य झालं ते बिलामुळे. भिंतीवरच्या पेटीत आकडा फिरतो, महिन्याच्या शेवटी कागदावर छापून येतो, मागच्या महिन्याचा स्तंभ शेजारी असतो. मी काही कुठल्या व्याख्यानाला जाऊन शहाणी झाले नाही. आपली वीज कोयनेची, पाण्यावरची, तिच्यात कसलं आलंय प्रदूषण, असा आमच्याकडे अजून समज आहे. खरं तर राज्याच्या ग्रिडमधली बहुतेक वीज कोळशाची. आपल्या सॉकेटमध्ये चंद्रपूरचा धूर आहे असं म्हणायला हरकत नाही. पण हे ज्याला माहीत नाही, तोही बिल बघून गिझर बंद करतो. मीटरची गंमत तीच आहे. तो तुमचं मन वळवायला जात नाही.

मग मी कचऱ्याला तोच न्याय लावायचं ठरवलं. लक्ष्मीपुरीतून हुकाचा छोटा वजनकाटा आणला, गॅलरीत अडकवला आणि आठवडाभर प्रत्येक पिशवी तोलली. घरातले हसले. धाकट्याचं म्हणणं, ‘आई, आता पासबुक पण काढ कचऱ्याचं.’ काढलं. जुनी वही होती, तिच्यात दोन रकाने आखले.

चार माणसांच्या घरात आठवड्याला ओला कचरा आठ किलोच्या घरात निघाला. सुका, म्हणजे कागद, पुठ्ठा, पिशव्या, बाटल्या, दोनेक किलो. आणि ज्याचं खरोखर दुसरं काहीच करता येत नाही असं, औषधाच्या रिकाम्या पट्ट्या, सॅनिटरी पॅड, बंद पडलेला सेल, फुटकी काच, ते जेमतेम अर्धा किलो. म्हणजे गाडीत जायलाच हवा असा कचरा अर्धा किलो, आणि आम्ही देत होतो साडेदहा किलो.

वहीनं दुसरी गोष्ट दाखवली ती जास्त लागली. ओल्या कचऱ्यात शिजवलेलं अन्न किती होतं! रात्रीचा भात, दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी. मी स्वतःला सुगरण समजते आणि अंदाज चुकत नाही म्हणून मिरवते, तिथं आठवड्याला दीड किलो शिजलेलं अन्न मी फेकत होते. देठ टाकणं वेगळं आणि शिजवलेला भात टाकणं वेगळं. त्या भातामागे गॅस जळला, पाणी पंपानं वर चढलं, तो रात्रभर फ्रिजमध्ये बसून वीज खाऊन मग पिशवीत गेला. तेव्हापासून तांदूळ मुठीनं घ्यायचं सोडलं, वाटीनं घेते. अन्न वाचलं आणि गॅसचं सिलिंडरही चार-पाच दिवस जास्त जातंय. माझं लग्न झालं तेव्हा सासूबाई वाटीनंच घ्यायच्या, हे तेव्हा आठवलं. ती वाटी मीच मोडीत काढली होती.

खताच्या बादलीची फजितीही सांगून टाकते, नाहीतर लोकांना वाटायचं बाईला सगळं पहिल्या फटक्यात जमलं. पहिली बादली मी जूनच्या शेवटी सुरू केली. ऐन पावसात. ओलं घालत गेले, कोरडं काही घातलं नाही. दहाव्या दिवशी बादलीतून पांढऱ्या अळ्या गॅलरीभर फिरायला निघाल्या आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यातूनच हाक मारली, ‘काय ओ, उंदीर-बिंदीर मेलाय काय घरात? लई वास मारालाय!’ ती बादली रात्री गुपचूप अंगणातल्या फणसाखाली पुरावी लागली. नंतर कळलं की ओल्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच कोरडा थर लागतो, वाळला पाला, लाकडाचा भुसा, नारळाच्या शेंड्या काहीही. आणि बादलीला खाली-बाजूला भोकं हवीत. हवा मिळाली की कुजणं गोड होतं, हवा कोंडली की वास सुटतो. आता आठवड्याच्या आठ किलोचं शेवटी पावणेदोन-दोन किलो काळंभोर खत होतं. बाकीचं कुठं जातं? बहुतेक पाणी असतं, ते उडून जातं.

याच ठिकाणी मला सगळ्या प्रश्नाची गंमत आणि कीव दोन्ही आली. भाजीपाल्याच्या कचऱ्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं. काळम्मावाडी धरणाहून सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाईपलाईन टाकून २०२३ च्या दिवाळीत आपण पाणी शहरात आणलं, त्यासाठी किती वर्षं वाट पाहिली हे सगळ्यांना माहीत आहे. ते पाणी विजेवर वर चढवायचं, आणि काकडीच्या सालीत, कलिंगडाच्या फोडीत, उरलेल्या आमटीत तेच पाणी भरून डिझेलच्या गाडीनं कसबा बावड्याला डेपोवर न्यायचं! तिथं ते ढिगाखाली हवेविना कुजतं, त्यातून मिथेन निघतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट तापदायक. उन्हाळ्यात तो ढीग पेटतो आणि धूर बावड्याच्या लोकांच्या घरात. आमच्या बंबाचा धूर निदान आमच्याच घरात राहायचा.

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. तेव्हापासून वाढलीच असणार, पण तोच आकडा धरा, आणि माणशी दिवसाला फक्त दोनशे ग्रॅम ओला कचरा धरा. रोजचे शंभर टनांवर जातात. त्यातलं सत्तर-ऐंशी टन निव्वळ पाणी.

आता आक्षेप. गल्लीत बोलताना मला सगळे ऐकायला मिळालेत.

पहिला नेहमीचा, ‘आम्ही वेगळा दिला तरी गाडीत सगळा एकच होतो, मग कशाला डोकं लावायचं?’ हा आक्षेप खोटा म्हणून उडवून लावणाऱ्यांतली मी नाही. जिथं तसं होतं तिथं लोकांचा उत्साह आठवडाभरात मरतो आणि पुढची दहा वर्षं उठत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांतच ओला, सुका आणि घरगुती घातक अशी वर्गवारी सांगितली होती. वर्गवारी दारात जशी हवी तशी गाडीतही हवी. पण याच आक्षेपातून उलटं निघतं. गाडीवर भरवसा नाही ना? मग ओलं गाडीत चढूच देऊ नका. जे घरात किंवा अंगणात जिरतं त्याला गाडी लागत नाही. सुकं तर गल्लीतली भंगारवाली मावशी पैसे देऊन न्यायला तयार असते, फक्त त्याला आमटी लागलेली नको. आमटीत भिजलेला पुठ्ठा तिच्याही उपयोगाचा राहत नाही. वेगळा करायचा तो महापालिकेवर उपकार म्हणून नाही. त्या मावशीचा हात घाणीत बुडू नये म्हणून करा, एवढं कारण मला पुरतं.

दुसरा आक्षेप, ‘कारखाने बघा की! आमच्या सालींनी काय पंचगंगा बिघडली?’ बरोबर आहे. नदीचा प्रश्न सांडपाण्याचा आणि कारखान्यांचा मोठा आहे, आणि तो ज्यांचा आहे त्यांच्याकडून वसूल व्हायलाच हवा. पण महापूर ओसरल्यावर नदीकाठच्या झाडांना, पुलांच्या कठड्यांना जी लक्तरं लटकत होती, ती कुठल्या कारखान्याची होती? कुरकुऱ्याची पुडी, कॅरीबॅग, गुटख्याची माळ. राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांची बंदी २०१८ सालची. कपिलतीर्थाच्या मंडईत आजही पाव किलो मिरचीला पिशवी मागणारे आपणच, आणि गिऱ्हाईक तुटेल म्हणून देणारी भाजीवालीही आपलीच.

तिसरा आक्षेप कुणी मोठ्यानं घेत नाही, पण मला तो सगळ्यांत जड वाटतो. हे सगळं करायचं कुणी? ‘प्रत्येक घरानं वर्गीकरण करावं’ या वाक्यातलं घर म्हणजे घरातली बाई. बंब तिनं फुंकला, आता बादली तिनं ढवळायची. पर्यावरणाच्या नावाखाली बायकांच्या डोक्यावर आणखी एक बिनपगारी काम चढतं आणि भाषणं करायला बाप्ये येतात. माझ्या घरी मी वजनाची वही आणि पाला आणायचं काम धाकट्याला दिलं, बादली ढवळायचं ह्यांना. तक्रारी आल्या. आल्या तर आल्या. पण घराघरात अशी भांडणं लढत बसणं हा सार्वजनिक उपाय होऊ शकत नाही, म्हणून काम घरातून उचलून गल्लीत आणायला हवं असं मी म्हणते.

आणि चौथा, हुशार लोकांचा. ‘मीटर म्हणताय तर सरळ किलोमागे पैसे लावा की.’ दक्षिण कोरियात १९९५ पासून ठरावीक पिशव्या विकत घेऊनच कचरा टाकावा लागतो, पुढे अन्नाच्या कचऱ्यालाही वजनावर शुल्क आलं, आणि त्यांना ते लाभलं. इथं काय होईल ते मी सांगते. रात्री साडेदहाला जेवण झाल्यावर शतपावलीला निघालेला सभ्य गृहस्थ जयंती नाल्यावर थांबेल, इकडं-तिकडं बघेल, आणि हलक्या हातानं परत येईल. ज्यांच्या घरी अजून बंब आहेत ते पिशवी बंबात घालतील. घरटी पैसे लावले की माणूस कचरा कमी करत नाही, लपवतो. म्हणून मला घरावर पैसे नकोत, गल्लीवर आकडा हवा. लपवून लपवून शेजारच्या गल्लीत टाकणार किती?

‘नुसत्या आकड्यानं काय होतंय,’ असं ज्यांना वाटतं त्यांनी जुलैतलं कोल्हापूर आठवावं. पाऊस लागला की शहरात एकच प्रश्न असतो, ‘किती फूट?’ कशाचं, कुठलं, हे विचारावं लागत नाही. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, ३९ फूट इशारा, ४३ धोका. रिक्षावाला, चहाची टपरी, शाळेतलं पोरगं, सगळ्यांना तोंडपाठ. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर, हे आकडे लोक घरातल्या लग्नाच्या तारखेसारखे सांगतात. आकडा ४० च्या पुढे सरकला की शाहूपुरीतला दुकानदार कुणी न सांगता माल वर चढवतो, नदीकाठचे लोक जनावरं हलवतात. या शहराला आकडा बघून हलायची सवय आहे. आकडा मात्र एकच हवा, रोजचा हवा आणि सगळ्यांचा हवा.

दुसरी सवय गल्लीची. कोल्हापुरात माणूस आधी तालमीचा, म्हणजे गल्लीतल्या मंडळाचा असतो, मग पेठेचा आणि जमलंच तर शहराचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींची फुटबॉल मॅच असली की दोन पेठांतली दुकानं ओस पडतात. ही ईर्षा आपण खेळात आणि गणपतीत खर्च करतो, आणि ती खर्च होते म्हणूनच कामं होतात. इराणी खणीत गणपतीचं विसर्जन आधी कुणाला पटत होतं? नदी सोडून खणीत? पण एका मंडळानं केलं, दुसऱ्यानं केलं, मग न करणाऱ्यालाच ओशाळवाणं वाटायला लागलं. होळीच्या शेणींचं तसंच. पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत होतात, तिथं शेणी लागतात. तेव्हा होळी लहान करून शेणी स्मशानभूमीला द्यायची रीत पडली. मंडळांची पोरं ट्रॉलीत शेणी रचून हलगी लावून पोचवायला जातात. शेणी वाचवणं ही ऊर्जेची बचतच आहे, पण तिला ‘ऊर्जा बचत’ असं नाव दिलं असतं तर एक पोरगं फिरकलं नसतं.

म्हणून मी म्हणते, प्रत्येक तालमीच्या कोपऱ्यावर जो काळा फळा असतो, ज्यावर वाढदिवस, मयत, मॅचची वेळ आणि कधीकधी शेजारच्या मंडळाला मारलेला टोमणा लिहिलेला असतो, त्या फळ्याचा एक कोपरा कचऱ्याला द्या. गल्लीतून गाडीत किती किलो गेला, एवढाच आकडा. गाडी थांबते तिथं एक तराजू टांगायचा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते पोरांनी करायचं, बायकांनी नाही. महिन्याला दुसरा एक आकडा, गल्लीतल्या मोठ्या अपार्टमेंटांच्या सामायिक मीटरचा. लिफ्ट, जिन्याचे दिवे, पाण्याची मोटर. टाकी भरून गच्चीवरून पाणी गळत असतं आणि मोटर चालू, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याची लाज कुणाला वाटत नाही, कारण ते बिल सगळ्यांचं आणि म्हणून कुणाचंच नसतं.

हे झालं की पुढची कामं आपोआप हिशेबात बसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. घरगुती छपरावर १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० आणि ३ किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार अनुदान. गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. पण हा फायदा आजवर मुख्यतः स्वतःचं छप्पर असलेल्याला. पेठेतल्या वाड्यात चार भाडेकरू आणि गच्ची मालकाची, तिथं काय? अपार्टमेंटच्या गच्चीवर कुणाचा टॉवेल वाळत घालायचा यावर जिथं सभा होते, तिथं पॅनेल बसवायला एकमत व्हायला वेळ लागणारच. सामायिक मीटरचा आकडा फळ्यावर सहा महिने लागला तर त्या सभेत बोलायला निदान काहीतरी असेल. तसंच खताचं. ज्याला गॅलरी नाही त्यानं बादली कुठं ठेवायची? तालमीच्या मागच्या बोळात दोन मोठे ड्रम. रविवारच्या मटणाची हाडं त्यात नकोत, कुत्री येतात. ती आमची अजून गाडीतच जातात आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तालमीच्या पोरांकडे मी गेल्या महिन्यात गेले होते. आधी त्यांना वाटलं वर्गणीची तक्रार घेऊन आले. मग ऐकून घेतलं, काटा हातात घेऊन बघितला, एकानं स्वतःची बॅट टांगून वजन केलं. ‘काकू, सीझन संपू दे फुटबॉलचा, मग बघूया की,’ असं ठरल्यासारखं झालं. मी खडू मागितला. मॅचच्या वेळेखाली वीतभर जागा होती, तिथं आमच्या एका बिल्डिंगचाच आकडा लिहून आले. ‘सोमवार, ३१ किलो.’

दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेले तर खाली वेगळ्या अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, ‘पलीकडच्या गल्लीचा किती?’